तिसऱ्या घंटेनंतर मी दिलेलं उत्तर

रविवारी सकाळी मी बांगडे साफ करत होते. गॅसवर भात होता, बादलीत कपडे भिजत होते. माझा मुलगा निलेश आपल्या किल्लीने दार उघडून आत आला आणि ओट्यावर कागद ठेवून म्हणाला, "आई, इथे सही कर."

ते कुलमुखत्यारपत्र होतं. माझं घर विकायचे अधिकार त्याला हवे होते.

"हात माशाचे आहेत," मी म्हटलं.

"मग अंगठा दे. चालतो."

म्हणून मी, सुभद्रा दत्ताराम घाडी, वय एकाहत्तर, राहणार परळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शाळेत गेले नाही. पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींवरून वाचायला शिकले, मग पुस्तकं वाचली. माझी बुद्धी शाबूत आहे. ही ओळ सगळेच लिहितात. माझ्यावर ती पटवून द्यायची वेळ आली आहे.

कलम एक. हे घर माझे पती वारल्यावर गिरणी कामगारांच्या सोडतीत माझ्या नावावर लागलं. माझ्या पश्चात ते माझी मुलगी सीमा हिला मिळावं. निलेशचा त्यात हिस्सा नाही. तो कोर्टात जाईल, आईला भ्रम झाला होता म्हणेल. म्हणून खरं काय ते लिहिते.

मी प्रत्येक नाटकाची दोन तिकिटं काढते आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवते, हे खरं आहे. हे होते तेव्हा गिरणीतून दमून यायचे, माझ्यासाठी नाटकाला बसायचे आणि पहिल्याच अंकात झोपायचे. मग चालत घरी येताना विचारायचे, "मगे काय झाला गो?" दादर ते परळ मी सगळं नाटक सांगत यायचे. नाटक नुसतं बघून पुरं होत नाही, कोणाला तरी सांगावं लागतं. आता मध्यंतरात मी त्या खुर्चीकडे वळून पहिला अंक मनात सांगते. ओठ हलत असतील. पण हे गेले आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी मीच घातलं.

दिवाळीतल्या प्रयोगाला तिसरी घंटा झाली, दिवे गेले, पडदा हलला. इतक्यात एक गृहस्थ वाकून म्हणाले, "आजी, इथे कोणी आहे?"

"आहेत."

"कुठे आहेत?"

"येतायत."

मागच्या रांगेत माझ्या सुनेच्या, मेघनाच्या ऑफिसातली बाई बसली होती. तिने ते मेघना-निलेशपर्यंत पोचवलं.

तिसऱ्या घंटेनंतर प्रेक्षकाने तोंड उघडू नये, असं माझं मत आहे. खरं सांगितलं असतं तर ते गृहस्थ हळहळले असते, कधी गेले, कशाने गेले विचारलं असतं, आणि नाटकाचं पहिलं वाक्य आजूबाजूच्या सगळ्यांचं बुडालं असतं. समोर जिवंत माणसं उभी राहतात. ती टीव्हीसारखी मागे नेऊन पुन्हा बघता येत नाहीत. म्हणून मी खोटं बोलले आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

रविवारी निलेशला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "तुला भ्रम झालाय असं डॉक्टरकडून लिहून घेईन, मग तुझी सही लागणारच नाही. डोंबिवलीला आमच्यासोबत राहा. तिकडेपण नाट्यगृह आहे."

"मला न्यायला-आणायला येशील?"

तो मोबाईल बघायला लागला.

कलम दोन. बँकेतली ठेव निलेशची. त्याला कर्जाचे हप्ते जड जातात हे मला दिसतं. त्याने तसं तोंडाने सांगितलं असतं तर मी बांगडे तसेच टाकून बँकेत गेले असते.

कलम तीन. माझी निळी इरकली नणंद मीराबाईला. तिने ती नेसून नाटकाला जावं, वेफर्सचं पाकीट घरी ठेवून. पुस्तकं सीमाची. तिने ती रद्दीत घालू नयेत, वाचली नाहीत तरी चालेल.

कलम चार. मी गेल्यावर पर्समध्ये तिकिटं निघाली तर शेजारच्या राधाने त्या प्रयोगाला जावं. तिला माझं सुतक नाही.

कोणाच्या दबावाखाली लिहिलं का, असं कायदा विचारतो. दबाव होता. जाताना निलेश दारात म्हणाला, "उद्या संध्याकाळी डॉक्टरला घेऊनच येतो. कागद इथेच ठेवतोय." त्याच्या हातात किल्ली होती. भात करपला होता. मी तो खरवडून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराचं कुलूप बदललं.

सही: सुभद्रा दत्ताराम घाडी

साक्षीदार:
१. डॉ. संघमित्रा कासारे, परळ. मी सुभद्राबाईंना आज तपासलं. त्या पूर्ण भानावर आहेत आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली.
२. राधा मयेकर, शेजारी

परळ, मुंबई
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४