पाचव्या ताटलीवरचा पेनड्राइव्ह

गॅरेट्स बे, बुधवार

तीर्थस्वरूप एनिडताईस,

धाकट्या क्लेमचा लांबून आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून नमस्कार. तुझा नवा खुबा कसा आहे? नर्सबाई चालवतात का, की तूच नर्सबाईंना चालवतेस? जेवण मिळमिळीत असणार, पण तू त्यांना तसं सांगितलं असशीलच. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. ताई, फोनवर तू नुसतं 'हं, बोल' म्हणालीस की मी काय सांगायचं तेच विसरतो. सत्तराव्या वर्षीही विसरतो. मग मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो. गेल्या चार फोनांत मी तुला हवाच सांगितली. हवा काही एवढी बदलली नव्हती.

इकडे सगळं ठीक आहे. कोंबड्या अंडी देताहेत, पाण्याची टाकी भरली आहे, तुझं मांजर माझ्याकडे बघून अजूनही फिस्कारतं. (एवढं वाचून पत्र बाजूला ठेवलंस तरी चालेल. पुढचं डॉक्टर जवळ असताना वाच.)

विषय तुझ्या लॅपटॉपचा आहे. ऑपरेशनसाठी होबार्टला निघताना तू तो माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, 'क्लेम, याला फक्त सांभाळ. डोकं चालवू नकोस.' मी मान हलवली होती, आणि मनापासून हलवली होती. त्याच्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं का? सदुसष्टच्या आगीत आपलं घर गेलं, आईची वही गेली. पुढे तीस वर्षांनी आई खुर्चीत बसून सांगत गेली, तू टाइप करत गेलीस, आणि फ्रूटकेकची ती फाइल झाली. जगात तिची एकच प्रत. छापलेला कागद तू चुलीत घातलास, कारण कागदाला पाय फुटतात आणि ते चालत चालत ग्लेनिस डिरीनच्या घरी जातात असं तुझं मत. बावीस वर्षं आपल्या गावच्या वार्षिक शोमध्ये फ्रूटकेकची पहिली, निळी फीत तुझी आणि दुसरी, लाल फीत ग्लेनिसची, ती या एका फाइलीच्या जोरावर. मलाही कधी उघडू दिली नाहीस. मी मागितलीही नव्हती. मला घाबरायला एवढ्या गोष्टी आहेत, त्यात आणखी एक कशाला?

पण रोज सकाळी बॅटरी बघायला म्हणून मी लॅपटॉप उघडायचो (बॅटरी मरते असं कुणीतरी म्हणालं होतं) आणि रोज पडद्यावर एक सूचना यायची की या जुन्या प्रणालीची मुदत संपली, यापुढे हिचं रक्षण होणार नाही, नवी प्रणाली या यंत्रावर बसणार नाही, तुमचं तुम्ही बघा. ताई, पोलिसांचं पत्र याहून प्रेमळ असतं. सात दिवस मी ती वाचली. आठव्या दिवशी मला स्वप्न पडलं की लॅपटॉप वितळतोय, आणि आई दारात उभी राहून विचारतेय, 'क्लेम, बेदाणे कुठे गेले?' भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. मी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि आमच्या शेडवर गेलो.

(शेड म्हणजे तीच, जिथे आम्ही निवृत्त पुरुष बायकांच्या पायात येऊ नये म्हणून लाकूड कापत बसतो. माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली तरी मी जातो. सवय.)

तिथे व्हर्न टॅटनेल होता. हा फेरीबोटीवर इंजिन बघायचा. त्याने सूचना वाचली आणि म्हणाला, 'ही प्रणाली काढून लिनक्स घाल. फुकट असतं, जुन्या यंत्राला नवा जीव येतो.' मला वाटलं, सुटलो. पण ताई, लिनक्स ही एक वस्तू नाही. सफरचंदासारख्या त्याच्या जाती आहेत, शेकड्यांनी, आणि ज्याच्या बागेत जी जात, तीच खरी, बाकीची डुकरांना घालायची. व्हर्न म्हणाला, डेबियन. का, तर ती घाईने बदलत नाही आणि व्हर्नही बदलत नाही. हेंक व्हान लूनने करवत बंद करून सांगितलं की डेबियन थडग्यातल्या माणसांसाठी आहे, फेडोरा घे. तेवढ्यात डेस वूली आला. याने स्वतःची शवपेटी स्वतः बनवून शेडच्या कोपऱ्यात उभी केली आहे. तो म्हणाला, आर्च घे, त्यात एकेक तुकडा आपला आपण जोडायचा, मगच कळतं आत काय चाललंय. मी म्हटलं, डेस, मला आत काय चाललंय ते कळायला नको आहे. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ताबडतोब माफी मागितली. मग वाचनालयात विचारावं म्हणून गेलो, तर ऍनेट म्हणाली, 'क्लेमकाका, त्या म्हाताऱ्यांच्या नादी लागू नका. तुमच्यासारख्या नवख्याला मिंट बरी.' म्हणजे चार झाल्या.

आता तूच सांग, कुणाला नाही म्हणू? माझा पंप बिघडला की व्हर्न येतो. हिवाळ्याचं सरपण हेंक देतो. ऍनेट उशिरा परत केलेल्या पुस्तकांबद्दल बोलत नाही. आणि डेसला दुखवायची मला भीती वाटते, कारण माझं माप त्याने घेऊन ठेवलं आहे. चौघांनीही आपापल्या जातीचा एकेक पेनड्राइव्ह आणून दिला. तो नुसता खुपसला की प्रणाली चालवून बघता येते, लॅपटॉपला धक्का लागत नाही. चार पेनड्राइव्ह खिशात घेऊन मी आठवडाभर आतल्या गल्ल्यांतून हिंडलो, कुणी भेटू नये म्हणून.

शेवटी मला तुझीच आठवण झाली. शोमध्ये तू काय करतेस? पांढरी कागदी ताटली, तिच्यावर जिन्नस, नावाचा टॅग दुमडून खाली, वर फक्त नंबर. परीक्षण चालू असताना स्पर्धक दालनाबाहेर. निकाल लागल्यावरच टॅग उघडायचा, आणि परीक्षकाचा शब्द शेवटचा. साठ वर्षांत या पद्धतीने आपल्या गावात मारामारी झालेली नाही (लोणच्याची ती एक सोडली तर). मी चार ताटल्या मांडल्या, चार पेनड्राइव्ह ठेवले, टॅग दुमडले. त्याआधी, देवाशपथ सांगतो, तुझ्या सगळ्या फायली मी एका पाचव्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. हेंकने समोर बसून करून घेतलं. खिशातून पडेल या भीतीने तोही एका पाचव्या ताटलीवर ठेवला, म्हणजे डोळ्यांसमोर राहील. त्याला टॅग लावला नाही. तो स्पर्धेत नव्हता ना.

राहिला परीक्षक. संगणकातलं काही न कळणारा, कुणाचा मिंधा नसलेला आणि जो निकाल देईल त्यावर चौघेही चूं करणार नाहीत असा माणूस हवा होता. गावात असा एकच आहे. ताई, रागावू नकोस. मी ग्लेनिस डिरीनला बोलावलं.

शेजारच्या गावांच्या शोंत ती परीक्षणाला जाते, तोच पांढरा ऍप्रन घालून आली. पेनड्राइव्ह खुपसून लॅपटॉप कसा सुरू करायचा तेवढं ऍनेटकडून समजून घेतलं आणि आम्हाला नियमाप्रमाणे बाहेर काढलं. दीड तास आम्ही चौघे आणि ऍनेट बाहेर बाकावर बसून होतो, आणि व्हर्नसारखा माणूस नखं खात होता. मग तिने दार उघडून सांगितलं: एक नंबर सपाट, पण फार कोरडा. दोन नंबर छान फुगलाय, पण सारखा काहीतरी नवीन दाखवायला बघतो. चार नंबर उघडला तर नुसता काळा पडदा आणि एक टिकली लुकलुकतेय, हा कच्चा आहे, भट्टीत परत घाला. तीन नंबरला सगळं जागच्या जागी, अक्षर मोठं, हात लावला की कळतं काय कुठे आहे. निळी फीत तीनला. टॅग उघडला, मिंट निघाली. डेस पुटपुटला, 'सोपी आहे म्हणून जिंकली.' ग्लेनिस म्हणाली, 'स्पंज केकसुद्धा सोपाच असतो, डेस. तुला जमतो का?' विषय संपला.

मग ऍनेट शेजारी बसली आणि मी मिंट बसवायला घेतली. एका ठिकाणी पडद्यावर विचारलं की या यंत्रावरचं सगळं पुसून टाकायचं ना? ऍनेटने विचारलं, 'प्रत काढली आहे ना, काका?' मी म्हटलं, आहे, ताटलीवर. डोळे मिटले आणि दाबलं. अर्ध्या तासाने लॅपटॉप नव्या नवरीसारखा उजळला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी फायली परत घालायला वळलो तर पाचवी ताटली रिकामी होती.

ताई, माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी ताटली उचलून तिच्याखालीही पाहिलं. कुणाला सांगायची छाती झाली नाही. हसलो, चहा प्यायलो, 'उद्या घालतो फायली' म्हणालो. पुढचे तीन दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. शेडमधला भुसा चाळला. खिळ्यांचे डबे उपडे केले. डेसच्या शवपेटीत तो स्क्रू ठेवतो, म्हणून ती आडवी करून टॉर्च घेऊन आत उतरलो, आणि पार पायथ्याशी हात घालत असताना डेस आला. त्याने नजरेनेच माझी लांबीरुंदी मोजली. मग म्हणाला, 'बसतोस की नीट. तुझी पेटी दोन इंच रुंद करणार होतो, आता नको.' मी आडव्या आडव्याच हो म्हटलं. खरं सांगू, तेव्हा मला तिथून उठावंसंही वाटत नव्हतं. आगीनंतर उरलेला आईचा शब्द न् शब्द मी एका बोटाने पुसला होता.

चौथ्या दिवशी सकाळी दारात ग्लेनिस. हातात पाकीट. म्हणाली, 'हा तुझा. टॅग नव्हता म्हणून टेबलावरून काढला होता.' नियमच आहे ना तुमचा, टॅग नसलेली वस्तू परीक्षणातून बाद, तिची रवानगी चहाच्या खोलीत, सगळ्यांनी मिळून खायची. शेडला चहाची खोली नाही म्हणून तिने पर्समध्ये टाकला होता. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं, आणि लगेच दुसरी भीती उभी राहिली. मी विचारलं, उघडलास का? ती म्हणाली, 'तुझ्या बहिणीचा केक यात असणार हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तीन दिवस टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत होते. नाही उघडला. आणि या वर्षी शोमध्ये नावही देत नाहीये मी. एनिडच नसेल तर जिंकून कुणाला दाखवू?'

ती गेल्यावर मी फायली परत घातल्या. सगळ्या आल्या. पण हेंकने बजावलं होतं की उघडून बघितल्याशिवाय आली म्हणायचं नाही. म्हणून, ताई, मी ती फाइल उघडली आणि शेवटपर्यंत वाचली. शेवटी आई काय म्हणाली होती ते तू तिच्याच शब्दांत टाइप केलं आहेस: 'हा केक माझा नाही. आग लागली त्या वर्षी सहा आठवडे आपण डिरीनांच्या सफरचंदांच्या शेडमध्ये होतो, तेव्हा आयलीनने तो मला हात धरून शिकवला. दोन वर्षांत बिचारी गेली. तिच्या पोरीला लिहून द्यायचा राहिला. एनिड, तू दे.'

आयलीन गेली तेव्हा ग्लेनिस चौदा वर्षांची होती. तिच्या आईने काही लिहून ठेवलं नव्हतं. बावीस वर्षं ती लाल फीत घेतेय ती आईच्या हातची चव आठवून आठवून, चाचपडत. आणि तुला हे माहीत होतं.

मी तुझ्यापुढे कधी बोललो नाही, आताही फार बोलत नाही. तब्येतीला जप.

तुझा भित्रा भाऊ,
क्लेम

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. शनिवारच्या शोसाठी उशिरा आलेल्या नोंदीवर मुख्य व्यवस्थापिकेची सही लागते, आणि ती तू आहेस. फ्रूटकेक विभाग, नाव ग्लेनिस डिरीन. पाकीट ऍनेट आणून देईल आणि सही होईपर्यंत थांबेल. तिला घाई नाही, पुस्तक घेऊन आली आहे.

ता. क. २. 'देऊ का?' असं विचारणार होतो, पण तू नाही म्हणशील या भीतीने केक कागदावर उतरवून आधीच ग्लेनिसला दिला. हे पत्र तिच्याच स्वयंपाकघरात बसून लिहितोय. कागद वाचून ती एवढंच म्हणाली, 'थंड चहात भिजवायचे होते बेदाणे. मी मेली आयुष्यभर ब्रँडी ओततेय.' केक आत्ताच भट्टीतून काढला. वास आल्यावर ती तोंड धुवायला म्हणून आत गेली, त्याला बराच वेळ झाला.

ता. क. ३. सही केली नाहीस तरी केक शोला जाईल. टॅगशिवाय जाईल. मग तुझ्याच नियमाने तो चहाच्या खोलीत ठेवतील, सगळं गाव खाईल आणि विचारेल, हा तर एनिडचा केक, कुणी केला? तेव्हा मी गप्प बसेन असं मला वाटत नाही. (हे वाक्य दोनदा खोडलं होतं. तिसऱ्यांदा लिहून तसंच ठेवलं आहे.)