झेंडा हलत नव्हता

हॅम्प्टन, व्हर्जिनिया
मंगळवार

प्रिय मार्लिस,

रविवारी खेकडे फोडता फोडता तू म्हणालीस, की त्या विमानवाहू जहाजाचं आयुष्य आणखी दहा वर्षं वाढवायच्या कागदावर शुक्रवारी तुझी सही होणार आहे, आणि सगळी आकडेमोड माझ्या जुन्या वजनवहीवर, जहाजावर काय चढलं-उतरलं त्याच्या नोंदीवर, उभी आहे. वर हसलीस, "आईचे आकडे कोण तपासणार?" म्हणून लिहिते आहे. तू तपास.

बावीस वर्षांपूर्वी ते जहाज मोठ्या दुरुस्तीसाठी आमच्या गोदीत होतं. नव्या केबल घातल्या. जुन्या ओढून काढायला सहा आठवडे लागले असते, म्हणून नेहमी होतं तेच झालं. टोकं कापली, केबल वरच्या मजल्यांच्या छतात तशाच राहिल्या, आणि कागदावर 'काढल्या' अशी नोंद झाली. मी ते वजन वहीतून वजा केलं. वर चढून पाहिलं नाही.

मग कलचाचणी, म्हणजे वजन हलवून जहाज किती कलतं ते मोजणं. डेकवरचे वजनी ठोकळे एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेले, सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं आणि तेलाच्या टबात सोडलेला ओळंबा पाहिला. तो हिशोबापेक्षा पाऊण इंच जास्त सरकला. म्हणजे वरचा भार माझ्या वहीतल्यापेक्षा जास्त होता. आमचा मुकादम डेलबर्ट घड्याळ दाखवत म्हणाला, "बाई, वारा धरा, वारा! आज हे आटपलं नाही तर कप्तान मला कच्चा खाईल." मी फरकाचं कारण लिहिलं, वारा. मार्लिस, झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.

तेव्हा त्याने काही बिघडणार नव्हतं; वरचा भार सोसायला जहाजाला पुष्कळ वाव होता. पण नंतर मनोऱ्यावर नवी रडारं चढली, रंगाचे थर चढले, आता तुम्ही आणखी चढवणार. तू जो वाव शिल्लक धरते आहेस, तो त्या केबलनी केव्हाच खाल्ला आहे. जहाजावर पाच हजार माणसं असतात. एका बाजूने पाणी शिरलं, तर त्यांना वारा सांगून भागणार नाही.

माझ्याकडे बघून तू या कामात आलीस. म्हणूनच आजवर तोंड उघडलं नाही, आणि म्हणूनच आता उघडते आहे. सही करू नकोस. कलचाचणी पुन्हा मागव आणि कारणात माझं पूर्ण नाव लिही. लोक म्हणतील, पोरीने आईला बुडवलं. म्हणू देत. मला पोहता येतं.

तुझीच,
आई (ऑडेला व्हिटॅकर)

पत्रासोबत पाठवते आहे:
माझी त्या दिवशीची खिशातली वही, एक. पान एकोणचाळीसवर ओळंब्याचं खरं माप.
ओळंब्याचं पितळी वजन, एक.
वरच्या मजल्यांचा आराखडा, एक. राहिलेल्या केबलवर डेलबर्टने काल लाल खुणा केल्या. खुणा बरोबर आहेत.