विसावा रकाना

तीर्थरूप मामींना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्या).

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि आता तुम्हाला समोरच्यांच्या कॅलेंडरवरची तारीखसुद्धा दिसते, असं ताईने कळवलं. वाचून बरं वाटलं (समोरच्यांना कसं वाटलं ते तिने लिहिलं नाही). झोप, भूक, गुडघे ठीक असतीलच. तीन महिने माझं पत्र नाही म्हणून तुम्ही मला कृतघ्न म्हणालात, तेही कळलं. तो तुमचा अधिकारच आहे. पण मामी, आधी कारण ऐका आणि मग काय ते म्हणा.

झालं असं, की मोजणीच्या कचेरीतून मला उचललं आणि आरोग्य केंद्राच्या पाहणीवर धाडलं. लोकांना घराचं भाडं परवडतं का आणि त्याचा त्यांच्या तब्येतीशी काही संबंध आहे का, हे शोधायचं. भाड्याचा आणि खोकल्याचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण वरून एकोणीस रकान्यांचा फॉर्म आला होता, आणि फॉर्म पाहिला की माझं डोकं कसं शांत होतं ते तुम्ही जाणताच. (सुटीत तुमच्याकडे आलो की मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायचो. मीठ आणि साखर यांत गडबड झाली होती, तो विषय आता नको.) नियम सोपा होता. घरात येणाऱ्या पैशाच्या तिसऱ्या हिश्शाहून भाडं कमी असेल तर ‘परवडतं’, जास्त असेल तर ‘परवडत नाही’. रकाना सतरा, खूण करा, पुढच्या दारी चला.

माझ्या जोडीला दिल्या सिस्टर. वय सत्तावन्न, उंची माझ्या खांद्याएवढी, चाल मात्र अशी की मी मागून पळतो आहे असं बघणाऱ्याला वाटावं. तीस वर्षं या भागात इंजेक्शनं देत आल्या आहेत. त्यांना माणसं नावाने लक्षात राहत नाहीत, दंडाने राहतात. चाळिशीतल्या एका दाढीवाल्याला भर जिन्यात त्यांनी सांगितलं, की तू लहानपणी सुई पाहिली की कपाटात शिरायचास. तो बिचारा बायकोसमोर लाजून लाल झाला.

पहिलीच इमारत चार मजल्यांची, बत्तीस खोल्यांची. मी टेप काढला आणि इमारत पाडायला माणूस आला अशी बोंब झाली. दोन बायांनी दारं लावून घेतली. एका आजोबांनी मला पाण्याच्या नळाची तक्रार ऐकवली, लिहून घ्यायला लावली, वर सही मागितली, आणि मी घाबरून केली. पण खरी फजिती पुढेच होती. तळमजल्यावर एक शिंपीणबाई राहते. मी तिची खोली मोजली, आकडा बोलून दाखवला, तर ती म्हणाली, “एवढी मोठी असती तर मी कपाट नसतं का ठेवलं?” तिने आपला टेप काढून माझ्या टेपशेजारी धरला. माझ्या टेपचे पहिले दोन इंच कधीच तुटून गेले होते! दोन दिवस मी अख्ख्या इमारतीतली प्रत्येक खोली दोन-दोन इंचांनी वाढवत हिंडत होतो. (सरकारी खर्चाने घरं मोठी करणारा मीच पहिला असेन.) सगळी मोजणी पुन्हा केली, शिंपीणबाईच्या टेपने. पोरं मोजून दाखवत होती.

आता सिस्टरांची पद्धत ऐका. त्या फॉर्मला हात लावत नाहीत. घरात शिरल्या की पाटावर, खाटेवर, पिशवीवर, मिळेल तिथे बसतात आणि विचारतात, “झोपतं कोण कुठे?” बस्स, एवढं विचारलं की माणसं आपणहून सगळं सांगतात. शिंपीणबाईचं भाडं तिसऱ्या हिश्शाच्या आत होतं. मी ‘परवडतं’वर खूण करून पुढच्या दाराकडे निघालोसुद्धा. सिस्टर मात्र फळीवरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत होत्या.

“रक्तदाबाची गोळी कधी घेतेस?”

“एक दिवसाआड.”

“डॉक्टरांनी रोज सांगितली होती ना?”

“रोज घेतली तर घरमालकाला काय देऊ, उरलेलं पाकीट?”

आम्ही तिघंही हसलो. मग सिस्टर हसायच्या थांबल्या आणि त्यांनी माझ्या फॉर्मच्या समासात काहीतरी लिहिलं. समास हा रकाना नव्हे, असं मी अदबीने सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग रकाना करा. रेघा मारता येतात ना तुम्हाला?”

मामी, मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण मी रेघ मारली. विसावा रकाना : भाडं भरता यावं म्हणून या महिन्यात काय सोडलं? आम्ही बत्तीसही दारं पुन्हा ठोठावली. कुणी गोळ्या सोडल्या होत्या, कुणी दूध, कुणी दाढेचं काम. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या चष्म्याला एकच काच होती. दुसरी पुढच्या वर्षी बसवणार म्हणाले, तोवर पेपरातले मथळे वाचून भागतं. हे त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की मला खाली बघावं लागलं.

आणखी एक गोष्ट सिस्टरांनीच ओळखली. दम्याचे, खोकल्याचे बहुतेक आजारी तळमजल्यावर, मागच्या अंगाला. मला वाटलं, योगायोग. त्या म्हणाल्या, यातली सहा घरं वरच्या मजल्यांवर राहत होती तेव्हा मी तिथे इंजेक्शनं दिली आहेत. भाडं वाढलं की कुटुंब एक मजला खाली उतरायचं आणि शेवटी त्या मागच्या भिंतीला येऊन टेकायचं. भिंतीला घरमालकाने नुकताच पोपटी रंग दिला होता. सिस्टरांनी तळहात टेकवला, तर रंग हाताबरोबरच आला. आत काळी बुरशी. मग मी भिंत मोजली, नीट, पूर्ण टेपने. जमिनीपासून सव्वाचार फूट ओल.

अहवालाची बैठक झाली. मोठ्या साहेबांनी माझा सतरावा रकाना वाचून इमारत ‘परवडणारी’ ठरवली आणि पान उलटलं. सिस्टर उठल्या. आवाज चढवला नाही, हात नाचवले नाहीत. म्हणाल्या, “साहेब, आकडा बरोबर आहे. पण त्यात बसायला माणसांनी स्वतःला कुठे कुठे कापलं आहे, ते पुढच्या पानावर आहे.” बत्तीसपैकी एकवीस घरांनी काही ना काही सोडलं होतं. त्यांनी एकेक वाचलं, एकही नाव न घेता. मग साहेबांनी मला विचारलं, हा रकाना कुणाचा? मी उठून म्हणालो, “रेघ माझी, साहेब. रकाना सिस्टरांचा.” (मामी, आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत बोललो.)

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले, शिंपीणबाईच्या मशीनच्या स्टुलावर बसले आणि पाच मिनिटांत खोकू लागले. महिन्याभरात भिंतीतला फुटका पाइप बदलला, गिलावा खरवडून नवा केला, आणि त्या निमित्ताने भाडं वाढवणार नाही असं घरमालकाकडून लिहून घेतलं. गोळ्या आता केंद्रातून महिन्याच्या महिन्याला मिळतात. फॉर्म सगळीकडे वीस रकान्यांचा झाला. मास्तरांची काच अजून बसलेली नाही आणि भाडी कमी झालेली नाहीत, हेही लिहायला हवं, नाहीतर सिस्टर मला दुरुस्त करतील. पण शिंपीणबाई रोज गोळी घेते. मागच्या आठवड्यात सिस्टरांनी तिचा रक्तदाब मोजला, आकडा पाहिला, मशीन झटकून पुन्हा मोजला आणि नुसत्या हसल्या. त्या हसण्यासाठी मी आणखी बत्तीस खोल्या मोजीन.

तब्येत सांभाळा. समोरच्यांना नमस्कार (त्यांचं कॅलेंडर पानच उलटत नाही म्हणे, तुम्ही सांगा).

तुमचा,
भाचा

ता. क. : त्या मागच्या भिंतीच्या पलीकडची एक खोली आमच्या पाहणीत आली नाही, कारण ती शेजारच्या इमारतीत मोडते. परवा तिथला फॉर्म भरायला गेलो, तर दार सिस्टरांनी उघडलं, घर त्यांचंच. अंगात ताप, उशीमागे ओली भिंत. भाडं पगाराच्या निम्म्याहून जास्त. स्वतःचा फॉर्म भरायचा सोडून मलाच चहा करत बसल्या. तर मामी, तुमच्या मागच्या दोन खोल्या मामा गेल्यापासून कुलपात आहेत. दक्षिणेकडून ऊन येतं. केंद्र तिथून बसने पाऊण तासावर. भाडं तुम्हीच ठरवा, फक्त तिसऱ्या हिश्शाच्या आत असू द्या.

ता. क. दोन : भाडेकरू म्हणजे कटकट, हे तुमचं मत मला माहीत आहे. पण या तुमचा रक्तदाब घरबसल्या मोजतील. लोणी चोरून खाता तेही ओळखतील, तेवढी तयारी ठेवा.

ता. क. तीन : यातलं काहीच सिस्टरांना माहीत नाही. आत्ता त्या माझ्या दारात उभ्या आहेत, पोस्टाकडे चालल्या आहेत, काही टाकायचं आहे का म्हणून मला विचारताहेत, आणि एवढा वेळ मी काय लिहितो आहे ते मान उंचावून बघताहेत. पाकीट तिन्ही बाजूंनी चिकटवतो आहे. कात्रीने उघडा.