घासलेलं घुबड

बाबा, तुमचं घुबड अजून माझ्याकडेच आहे. अथेन्सचं, चांदीचं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली देवी, दुसऱ्या बाजूला डोळे वटारलेलं ते. अचलपूरच्या जुनी चांदी घेणाऱ्या चाचांकडून तुम्ही ते नाणं आणलंत तेव्हा एसटीत अमरावती येईपर्यंत खिशावरचा हात काढला नव्हता. घरात पाऊल टाकताच म्हणालात, "याले कोनी पुसाचं नाही. हा काळेपणा म्हंजे याचं वय हाये." मी नऊ वर्षांचा होतो, आणि काळी चांदी म्हणजे घरच्यांचा आळस, एवढंच मला ठाऊक होतं.

लक्ष्मीपूजनाची चांदी घासायचं काम माझ्याकडे असे. त्या दिवाळीत मी तुमच्या कपाटातून घुबडही काढलं. देवी आहे, घुबड आहे, म्हणजे लक्ष्मीच. तिलाच पूजेतून वगळलंय याचं मला फार वाईट वाटलं. पांढरं दंतमंजन लावून असं घासलं, की घुबडाच्या पिसांचा पत्ता लागेना. संध्याकाळी तुम्ही पाटावर बसलात, ताटात पाहिलंत आणि विचारलंत, "हे कोनं घासलं?" आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तीच म्हणाली, "मी."

"अवं, ते ग्रीसचं हाये."

"मंग? ग्रीसच्या लोकायले लक्ष्मी नसते का?"

तीन दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत. तुमच्या हाताच्या धाकाने मी गप्प बसलो, आणि तुम्ही गेलात तेही तिलाच दोषी समजून. याची मला अजून लाज वाटते.

आता मीही ग्रीक नाणी जमवतो. गेल्या महिन्यात अकोल्याच्या प्रदर्शनात घुबड मांडलं. एका म्हाताऱ्या संग्राहकाने भिंग लावून विचारलं, "कोन्या येड्यानं घासलं हो हे?" पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण तोंडातून निघालं, "आमच्या बाबांनी." दुपारपर्यंत सगळा हॉल तुमच्या नावाने हळहळत होता.

घरी आईला सांगितलं. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "मी अबोला सोसला तो तुह्यासाठी. आता त्याईच्या माथी कावून मारतं?"

येत्या रविवारी अमरावतीत प्रदर्शन आहे. तो म्हातारा येणारच. नाण्याशेजारी ठेवायला मी चिठ्ठी लिहून ठेवली आहे: हे नाणं मी स्वतः लहानपणी घासलं, वडिलांचा यात काही दोष नाही. हे पत्र घुबडाच्या डबीतच राहील, तुम्हाला कुठे पाठवणार. चिठ्ठीत माझं वय मात्र सहा लिहिलं आहे.