सात नंबरचा भाडेकरू

ता. ९ डिसेंबर १९२७, संध्याकाळ

म्युनिसिपालटीच्या चाळीतल्या खोलीसाठी आज तिसरा अर्ज दिला. घरमालक महिनाअखेर बाहेर काढणार आणि हिला सातवा महिना. कारकून मान वर न करता म्हणाला, "सात नंबर खाली नाही. काऊन चकरा मारून राह्यले, पेपरवाले?" त्याच्या टोपीला कापूस चिकटला होता.

येताना सात नंबरच्या खिडकीतून पाहिलं. आढ्यापर्यंत कापूस. "मेंबरसाहेबाचा," शेजारीण म्हणाली. म्हणजे टोपीवरचाही तोच. ती टोपी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

याच मेंबरच्या सत्काराची बातमी सकाळच्या डाकेने साप्ताहिकाला जायची आहे. तीतच या कापसाबद्दल लिहावं? मग चाळीत जागा कधीच मिळणार नाही.

हिला विचारलं. म्हणाली, "लिहा. खोलीचा नंबर तेवढा बरोबर लिहा."