बेरीज वळते तिथे

शनि., १० जाने.
सापडलं. सकाळी चहा गॅसवर ठेवून जुन्या, छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाकडे बघितलं, तर टेस्ट थांबलेली. आठवडाभर आपल्या ओपन-सोर्स प्रोजेक्टच्या वेबअसेंब्ली रनटाइमवर वाट्टेल तसे उलटसुलट प्रोग्राम फेकत होते. आज एकाने हद्दीबाहेरची मेमरी वाचून दाखवली. पुन्हा चालवलं. पुन्हा वाचली. चहा उतू गेला.
अब्बांना सांगितलं: परक्याचा प्रोग्राम आपण चालवतो, पण त्याच्या कुंपणातच. हा बाहेर आला.
"म्हणजे मेहमान बैठकीतून उठून आतल्या खोलीत गेला."
अगदी तेच.

रवि., ११
हद्द तपासणारा भाग केतकीचा. हल्लीच नव्याने लिहिला, वेग वाढावा म्हणून. सगळ्यांनी वाहवा केली, मीसुद्धा. फोन केला.
"माझ्या लॅपटॉपवर नाय होत. तुझा बोर्ड तापला असंल. त्या डब्याचं काय खरं हाय?"
दुसऱ्या बोर्डावर बघू म्हटलं, तर तिने फोन ठेवला. कॉलेजपासूनची मैत्रीण. आणि तरी, खरं लिहायचं तर, चूक सापडली म्हणून आतून उड्या.

सोम., १२
तोमासला खासगीत कळवलं. प्रोजेक्ट त्याने सुरू केलेला, शेवटचा शब्द त्याचा. उत्तर: दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. तळोज्याला ऑफिसात दिवसभर तोंड मिटून. शेजारच्या टेबलवाली विचारते, एवढी खूश का, लग्न ठरलं का?

बुध., १४
केतकीचा फोन नाही. मी मेसेज लिहिते आणि पुसते.
तो प्रोग्राम छाटत छाटत चार ओळींवर आणला, आणि कारण दिसलं! पत्ता अधिक अंतर: बेरीज बोर्डात मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या टोकाला जाते आणि शून्याकडे वळते. तपासणीला वाटतं लहान आकडा, जाऊ दे. लॅपटॉपचे आकडे मोठे, तिथे टोकच येत नाही.

शनि., १७
बोर्ड डब्याच्या पिशवीत, उरणची बस. केतकीचं घर मोऱ्याला, धक्क्याजवळ. दार तिच्या आईने उघडलं.
"ये गो. दोन दिस धड जेवली नाय ती."
केतकीच्या टेबलावर तसाच बोर्ड, कुणाकडून तरी मागून आणलेला.
"माझ्याकडं पण होतंय. गुरुवारीच कळलं. फोन करायला तोंड नव्हतं."
त्या चार ओळी दाखवल्या. वाचत गेली, मग हसायलाच लागली. "बेरीज वळते. आईशप्पथ, काय भारी चूक केली मी."
नंतर नुसता धडाका. तिने दुरुस्ती लिहायची, मी ती मोडून बघायची. बोंबील-भाकरी कीबोर्डशेजारीच. शेवटी मला मोडता येईना.

रवि., १८
टेस्ट सगळ्या मशीनवर पास. तोमासने दुरुस्ती घेतली, दुपारी नवी आवृत्ती बाहेर. आता बोलायला मोकळ्या.

मंगळ., २०
तोमासचं पत्र, दोघींना. त्याला वेळ होत नाही. नव्या आवृत्तीवर डिजिटल सही करायची किल्ली आमच्याकडे देऊ म्हणतो. म्हणजे यापुढे बाहेर जाईल ते आमच्या शब्दावर.
केतकी संध्याकाळी थेट माझ्याकडे पनवेलला. स्टँडसमोर रसवंतीत बसलो.
"चूक झाली तर?" मी.
"होईलच. तू हाय ना मोडायला."
किल्ली घ्यायची आणि उत्तर मी लिहायचं ठरलं. तिची बस गेली. मी घरी येऊन लॅपटॉप उघडून बसलेय. 'आम्ही दोघी' एवढंच टाइप झालंय.