रुमाल टाकलेली जागा

प्रिय भिंगरी,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्रात मधेच तोंड घालता येत नाही, ही त्यातली मोठी सोय. तेव्हा सराव आटपला असेल तर पाय पसरून बस आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर टाकून मला फोन लावलास, तर मी उचलणार नाही.

आधी घरची खबर. तुझी भाची आता भिंत धरून उभी राहते. पडली की रडायच्या आधी आजूबाजूला बघते, कोणी पाहिलं का म्हणून. हा गुण थेट आत्याचा. आईंचं मत वेगळं आहे, पण त्यांना घरातले सगळे चांगले गुण आजोबांचेच वाटतात, त्यामुळे तो विषय सोड. झोपेच्या बाबतीत मात्र पोरीनं आम्हाला रडकुंडीला आणलं होतं. पाळणा, मांडी, खांदा, तुझ्या दादाचं बेसूर गाणं, सगळं करून झालं. एका दुपारी मी वैतागून कपाटामागची दोरी काढली आणि तिच्यासमोर उड्या मारायला लागले. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. हात शिवशिवत होते एवढंच. पोरगी गप्प. दोरी जमिनीला लागून टक टक वाजत राहिली आणि तिचे डोळे मिटले. तेव्हापासून रोजचा तोच धंदा. ती झोपेपर्यंत मी थांबायचं नाही, आणि ती काही लवकर झोपणाऱ्यातली नाही. खालचे शिंपीदादा पहिल्या आठवड्यात भांडायला वर आले, छताची माती मशीनवर पडते म्हणाले. मग मधे तिला ताप होता तेव्हा दोरी बंद पडली, तर तेच घाबऱ्या चेहऱ्यानं वर आले, सगळं ठीक आहे ना विचारायला. आता आवाजाशिवाय त्यांचा हात चालत नाही म्हणे.

आता मुद्द्यावर येते. तुझ्या दादाच्या पोटात काही राहत नाही, हे जन्मापासून माहीत असूनही तू त्यालाच सांगितलंस. काल सकाळी चहाबरोबर सगळं बाहेर पडलं. वर्षभर रिंगमध्ये न उतरलेल्यांचा क्रमांक ठेवायचा की काढायचा, यावर कमिटीची बैठक झाली, आणि दुसऱ्या क्रमांकाची म्हणून तुला मत विचारलं. सगळ्यांना वाटलं, ही आता जागा मागणार. आणि तू उभी राहून म्हणालीस की वहिनी हरलेली नाही, मग तिला खाली कोण उतरवणार? टाळ्या पडल्या म्हणे. मी स्वतःहून सोडेपर्यंत पहिला क्रमांक माझाच, असं ठरलंसुद्धा. मोठ्या स्पर्धेला प्रत्येक वजनगटातून फक्त पहिलीच जाते, पहिली गेली नाही तर जागा रिकामी राहते, हे तुला ठाऊक होतं. पोरगी अजून अंगावर पिते, मी या खेपेला जाणार नाही, हेही ठाऊक होतं. आणि एवढं करून बाईसाहेब कॅम्पला गेल्या कशाला, तर स्पर्धेला जाणाऱ्या मुलींना सराव द्यायला! दुसऱ्यांचे ठोसे खायला! दादानं सांगितलं तेव्हा माझा चहा तसाच राहिला. आधी तुझा भयंकर राग आला, मग तुला घट्ट धरून बसावंसं वाटलं.

आपली पहिली लढत आठवते ना? मी तुझं नाक फोडलं, तुझा दादा जाब विचारायला थेट माझ्या कोपऱ्यात आला, आणि भांडता भांडता मला चहाला घेऊन गेला. लग्नात तू सगळ्यांना सांगत होतीस की हे स्थळ मी नाकानं जमवलं. तेव्हापासून क्लबच्या फळ्यावर वरच्या खिळ्याला माझ्या नावाची लाकडी पाटी आणि खालच्या खिळ्याला तुझी. आई शेजारणींना ऐकवायच्या, पहिली-दुसरी आमच्याच घरात, बाकीच्यांनी तिसरीपासून मोजावं.

खरं सांगू? पोरगी झाल्यावर त्या पाटीचा मला फार आधार वाटायचा. दिवसभर दुपटी धुवायची, आणि मनात म्हणायचं, काही झालं तरी आपण पहिल्या आहोत. कोणी विचारलं परत कधी येणार, तर हसून म्हणायचं, घाई कुठे आहे. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी मी ती धरून ठेवली होती. पण रुमाल टाकणारा निदान बसमध्ये चढणार असतो. मी तर स्टॉपवरही नव्हते. आणि तू, माझी गुणाची नणंद, त्या रुमालाशेजारी उभी राहून सगळ्यांना सांगत होतीस की इथे माणूस आहे. वहिनी हरलेली नाही म्हणालीस, ते खरंच आहे. पण जी लढतच नाही ती हरणार कशी? दुखणाइताला किंवा बाळंतिणीला थोडा अवधी द्यावा, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो मला मिळाला. पण रोज पोरगी झोपेपर्यंत उड्या मारूनही मला दम लागत नाही; माझा अवधी संपलाय, हे मला दोरीनं केव्हाच सांगितलं होतं. मीच ऐकत नव्हते.

म्हणून आज सकाळी पोरीला कडेवर घेऊन क्लबमध्ये गेले. सरांना म्हटलं, माझं नाव काढा. सरांनी चष्मा पुसला, स्टूल आणून दिलं आणि पोरीला घेतलं. माझी पाटी मीच उतरवली आणि तुझी वर टांगली. थोडी रडलेही, खोटं कशाला सांगू. उतरवलेली पाटी तुझ्या भाचीनं लगेच तोंडात घातली, दात येतायत ना. अजून तिच्याकडेच आहे, कडा चावून ओलीचिंब केलीय. सरांनी माझ्यासमोर कमिटीला फोन केला आणि स्पर्धेसाठी तुझं नाव गेलं. तेव्हा यापुढे सराव द्यायचा नाही, घ्यायचा. वाद घालू नकोस, झालंय ते झालंय. आणि हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं, की ही बातमी तुला दादाच्या आधी माझ्याकडून कळावी: महिनाअखेरीला इथेच क्लबमध्ये क्रमांक नसलेल्या मुलींच्या लढती आहेत, त्यांत मी नाव दिलंय. समोर कोणीतरी कालची पोर असेल आणि मला बहुतेक चांगलीच दमवेल. दमवू दे. तू जा, जिंकून ये, वरच्या खिळ्यावर ऐटीत राहा. मी खालून येतेय. फक्त माझ्यासाठी जागा धरून ठेवू नकोस, भिंगरी. मी ती तुझ्याकडून घ्यायला येतेय.

तुझीच (निदान रिंगबाहेर तरी),
वहिनी